‘गंमत काय ते सांग’

हजेरी चालू आहे. पुण्याच्या उपनगरातली शाळा, नववीचा वर्ग. शेजारच्या वर्गाची शिक्षिका म्हणून मी बाईंचा तास पाहायला मागच्या बाकावर बसले आहे. मणिपूरमधल्या उखरूलच्या मुलीचा नंबर येतो. तिची आई जवळच्या पार्लरमध्ये काम करते आणि ती तिसरीपासून याच शाळेत आहे. ती ‘हजर’ म्हणायच्या आत खिडकीकडून आवाज येतो, ‘मोमो!’ अर्धा वर्ग खिदळतो.

बाई हजेरीपट मिटतात.

‘कोण म्हणालं ते विचारत नाही. हसलं कोण?’

कुणीच हात वर करत नाही. मग एक, मग चार-पाच. बाई पहिल्याला उभं करतात.

‘कशाला हसलास?’

‘गंमत केली बाई.’

‘गंमत काय ते सांग. मला कळली नाही.’

‘म्हणजे... तिचे डोळे...’ पुढे त्याला जमत नाही. हसताना जे सोपं वाटलं होतं, ते तोंडाने म्हणायची वेळ आली तसा त्याचा चेहरा उतरतो. बाई मदतीला जात नाहीत. त्याला पुरतं गप्प होऊ देतात आणि मग बसवतात.

आता सगळ्या माना त्या मुलीकडे वळल्या आहेत. तिने कंपासपेटीतलं कर्कटक काढलंय आणि त्याच्या टोकाने बाकाच्या फटीतला मळ ती उकरते आहे, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पहिल्या बाकावरची एक मुलगी चांगल्या मनाने म्हणते, ‘बाई, तिलाच सांगू दे ना, त्यांच्याकडे कसं असतं ते.’

‘तिने का सांगायचं? हसलात तुम्ही.’

हे ऐकून मी सरसावून बसते. अशा वेळी दुखावलेल्या मुलालाच फळ्यापुढे उभं करणारे कितीतरी शिक्षक मी पाहिले आहेत. ‘सांग बाळा, तुमच्याकडे काय खातात, कुठला सण करतात.’ हेतू चांगलाच असतो. पण भूमिती शिकायला आलेल्या पोरीवर ईशान्येच्या आठ राज्यांची वकिली येऊन पडते, आणि हसणारे पुन्हा प्रेक्षकच राहतात.

बाई फळ्यावर लिहितात : लजपतनगर, दिल्ली, जानेवारी 2014. अरुणाचलचा विद्यार्थी निदो तानिया पत्ता विचारायला एका दुकानात गेला. तिथे त्याच्या केसांवरून लोक हसले. भांडण झालं, मारहाण झाली, दुसऱ्या दिवशी तो गेला. बाई आवाज चढवत नाहीत. ‘सुरुवात हसण्यानेच झाली होती,’ एवढंच म्हणतात. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने ईशान्येचा इतिहास शाळांतून शिकवा, असंही सुचवलं होतं. दिल्ली तरी कशाला? 2012च्या ऑगस्टमध्ये याच पुण्यात ईशान्येकडच्या तरुणांना मारहाण झाली, मोबाइलवर अफवा फिरल्या आणि गुवाहाटीच्या गाड्या भरून माणसं शहर सोडून गेली. ही मुलं तेव्हा फार तर रांगत असतील.

‘उखरूल कुठे आहे, दाखवा.’ एक मुलगा उठतो आणि नकाशावर तिबेटवर बोट ठेवतो. कुणी हसत नाही. बाई त्याचं बोट धरून म्यानमारच्या सीमेपाशी आणतात. जवळच सांगशाक नावाचं गाव आहे. 1944च्या मार्चमध्ये जपानी फौजा तिकडून चालून आल्या. त्यांना अडवणाऱ्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा पलटणीची एक बटालियन होती. सातारा, कोल्हापूर, कोकणातली पोरं. पाणी तुटलं, दारूगोळा संपत आला, तरी ती 26 मार्चच्या रात्रीपर्यंत झुंजली. कित्येक तिथेच पडली.

वर्ग आता नकाशाकडे झुकलाय. खिडकीजवळचा, बहुधा तोच मघाचा, उत्साहाने म्हणतो, ‘म्हणजे बाई, ती आपलीच झाली की!’

मला वाटतं, तास इथे जिंकला. बाईंना तसं वाटत नाही.

‘आणि आपले सैनिक तिकडे गेलेच नसते तर? मग चिडवायला मोकळा होतास?’

तो खाली पाहतो. माझ्या मते सगळ्या तासातला हाच खरा प्रश्न. कुणाच्या तरी पणजोबाच्या रक्ताची पावती दाखवल्याशिवाय या मुलीला नीट हाक मिळू नये का? बाई उत्तर सांगत नाहीत. हजेरीपट पुन्हा उघडतात, तिचं नाव घेतात, पूर्ण, आडनावासकट. कर्कटक पेटीत जातं. ‘हजर.’ आणि पुढचा नंबर.

मधल्या सुट्टीत तो मुलगा तीन मित्रांना घेऊन तिच्या बाकाशी येतो. मित्र एकमेकांना कोपरं मारताहेत. ‘सॉरी म्हणायचंय बाई.’

‘तिला डबा खाऊ दे. उद्या ये. एकटा.’

डबा खाता खाताच ती मान वर करून ‘हजर’नंतर पहिल्यांदाच बोलते, अस्सल पुणेरी मराठीत, ‘बाई, हे तर नेहमीचेच आहेत. पण व्हॅनवाले काका पण मला चिनी म्हणतात.’

बाई टेबलावरून चष्मा उचलतात. ‘कितीची व्हॅन असते तुझी?’

‘साडेपाच.’

‘बरं.’ मला म्हणतात, ‘तुम्ही थांबाल का आज? फाटकावर दोघी जाऊ या. आणि त्याआधी मुख्याध्यापकांकडे.’