धानाच्या बांध्यांतील डांस व मेंदूज्वराचा विषाणु

आषाढांत पऱ्हे उपटून रोवणी उरकली व बांध्यांत पाणी उभें राहिलें, कीं बगळ्यांचे थवे उतरूं लागतात. आम्हां भंडाऱ्याकडील धानकरी लोकांस हा देखावा इतका सवयीचा आहे कीं त्यांत कांहीं धोका असेल असें मनांतहि येत नाहीं. परंतु लहान मुलांस होणारा जपानी मेंदूज्वर ह्याच देखाव्यांतून निघतो. १९२४ सालीं जपानांत त्याची मोठी सांथ आली व १९३५ सालीं तेथेंच त्याचा विषाणु वेगळा काढण्यांत आला. आपल्या देशांत मद्रासेकडील वेलोर भागांत १९५५ सालीं पहिले रोगी ओळखले गेले. २००५ सालीं गोरखपूरच्या बाजूस तर एका हंगामांत हजाराहून अधिक जीव गेले.

बांधीच्या पाण्यांत वाढणारा क्युलेक्स जातीचा डांस बगळा, ढोकरी व डुक्कर ह्यांच्या रक्तांतून हा विषाणु उचलतो व तिन्हीसांजेनंतर मनुष्यास चावतो. डुकराच्या अंगांत विषाणु अतोनात वाढतो. गाईबैलांस हे डांस फार चावतात, पण त्यांच्या रक्तांत विषाणु वाढत नाहीं. तेव्हां गोठ्यास उगाच दोष देऊं नये. मनुष्यापासून मनुष्यासहि हा रोग लागत नाहीं.

आतां हा विषाणु आहे तरी कसा? मोजणीच्या कामांत मीं आयुष्य घालविलें, म्हणून मापापासून आरंभ करतों. एका मिलिमीटरांत असे सुमारें २०,००० विषाणु ओळीनें बसतील. पातळ बर्फांत तो गोठवून, विद्युत्कणांच्या सूक्ष्मदर्शकानें त्याच्या असंख्य छाया घेऊन व त्या गणकयंत्रानें एकत्र करून चिनी शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं त्याचा बारीक नकाशा प्रसिद्ध केला. त्याच्या पाठीवर एकाच प्रथिनाचीं १८० कौलें आहेत. तीं दोन दोन मिळून, म्हणजे ९० जोड्यांनीं, आडवीं निजलेलीं असतात. खालीं चरबीचा पातळ पापुद्रा, व त्याच्या आंत सुमारें ११,००० अक्षरांचा एक धागा. त्यावर अवघ्या दहा प्रथिनांचा मजकूर असतो. आमच्या दप्तरांत एका गांवच्या पीकपाहणीसहि ह्याहून अधिक अक्षरें खर्ची पडत!

खरी करामत पुढेंच आहे. पेशी ह्या विषाणूस आपण होऊन एका पिशवींत घालून आंत घेते. त्या पिशवींत आंबटपणा वाढतो, त्यासरशीं कौलांच्या जोड्या सुटतात, तीन तीन कौलें उभीं राहतात व इतका वेळ झांकलेलें टोंक पिशवीच्या कातड्यांत रुततें. दोन्ही पापुद्रे एक होतात आणि धागा पेशींत उतरतो. विषाणु नवा तयार होतांना हें टोंक दुसऱ्या एका प्रथिनानें झांकलेलें असतें, कारण अवेळीं उघडलें तर त्याचाच नाश.

ह्याच कौलाच्या साखळींतील १३८ वा मणी बदलला कीं विषाणूचा मेंदूवरील जोर पुष्कळ ओसरतो. हा व असेच दुसरे कांहीं बदल असलेला निर्बळ विषाणु चीनमध्यें तयार झाला. त्याचीच लस आपल्याकडे २००६ पासून रोगाच्या जिल्ह्यांत मुलांस देऊं लागले. पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. ती चुकवूं नये, कारण ह्या विषाणूवर नेमकें औषध नाहीं. लागण झालेल्यांपैकीं फारच थोड्यांस मेंदूचा ताप चढतो. परंतु ज्यांस चढतो त्यांपैकीं शंभरांत तीसपर्यंत दगावतात, व वांचलेल्यांतील पुष्कळांस व्यंग राहतें. आमच्या शेजारची एक मुलगी वांचली, पण तिचा उजवा हात अद्यापि चालत नाहीं. लस टोंचण्याचा दिवस रोवणीचा होता, म्हणून तिला कोणी नेलें नाहीं. मीहि त्या दिवशीं बांधावरच होतों.

बांधीचें पाणी मधून मधून दोन-तीन दिवस सोडून चिखल उघडा पडूं दिला तर डांसांच्या अळ्या मरतात. पावसाळ्यांत हें आपल्या हातीं नसतें. कालव्याच्या पाण्यावरील उन्हाळी धानांत मात्र साधतें, पण एकट्याच्या बांधीनें नव्हे, सगळ्या शिवारानें मिळून केल्यास.