वाचवणाऱ्याला जाब कोण विचारणार?

जेम्स गनचा ‘सुपरमॅन’ जुलै २०२५ मध्ये लागला, तेव्हा आपल्याकडे चर्चा रंगली ती सेन्सॉरने कापलेल्या चुंबनाची. त्या गदारोळात महत्त्वाची गोष्ट मागे पडली. हा सुपरमॅन सुरुवातीलाच मार खाऊन बर्फात कोसळतो. पुढे दोन देशांच्या युद्धात परस्पर पडल्याबद्दल त्याची प्रेयसी, पत्रकार लोइस लेन, त्याची चक्क उलटतपासणी घेते.

१९७८च्या सुपरमॅनवर ही वेळ आली नव्हती. लोइस भूकंपात गाडली गेली, तर त्याने पृथ्वीभोवती घिरट्या घालून काळच मागे नेला. ताकद अफाट, हेतू शुद्ध, मग प्रश्न कशाला? या आधुनिक नायकाला १९८६ साली ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या ‘वॉचमेन’ या चित्रकथेने उघडं पाडलं. मुखवट्याआडची माणसं तिथे भेदरलेली, क्रूरही निघाली. २०१६च्या ‘सिव्हिल वॉर’ या चित्रपटात तर ॲव्हेंजर्स या महानायकांच्या गटावर देखरेखीचा करार येतो. जग वाचवताना जे मेले, त्यांचा हिशेब कोण देणार? उत्तर-आधुनिक सिनेमाचा हा प्रश्न मला सगळ्या मारामारीपेक्षा मोलाचा वाटतो.

भंडाऱ्याने हा प्रश्न पडद्याबाहेर सोसला आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्र उलटल्यावर जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात शिशूंच्या विशेष कक्षात आग लागली. आत १७ बाळं होती. एका खोलीतली सातही बाहेर काढता आली. दुसऱ्या खोलीतली दहाही दगावली. ज्यांनी सात जीव वाचवले त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण तेवढ्यावर थांबलो, तर आपण १९७८च्याच सिनेमात अडकलो. चौकशीत अग्निसुरक्षेतल्या त्रुटी पुढे आल्या, डॉक्टर-परिचारिकांवर कारवाई झाली, राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. तरी त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरला अतिदक्षता विभाग पेटलेच.

सिनेमातला नायक आग लागल्यावर येतो, कारण त्याशिवाय टाळ्या पडत नाहीत. आपल्याला गरज आहे ती आगीच्या आधी येणाऱ्यांची: जुनं वायरिंग बदलून घेणारा अभियंता, रात्री बाळांजवळून न हलणारी सिस्टर, निधीची फाईल अडू न देणारा अधिकारी. माझ्या लेखी शौर्य ते हेच. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयाचा फायर ऑडिट अहवाल माहितीच्या अधिकारात मागता येतो. वाचकहो, तो मागा.