कासवाचा आहार आणि जीवदयेचे खाते

पर्युषणात जीवदयेची टीप होते, तेव्हा बहुतेक श्रावकांच्या डोळ्यांसमोर पांजरपोळातील गाय किंवा चबुतऱ्यावरची कबुतरे असतात. त्याच पावसाळी दिवसांत डहाणूपासून तलासरी तालुक्यातील झाईपर्यंतच्या किनाऱ्यावर जखमी समुद्री कासवे वाळूवर येऊन पडतात. कुणाचा पुढचा पाय जाळ्याच्या दोऱ्याने कापलेला असतो, तर कुणाला पाण्यात बुडी मारताच येत नाही. डहाणूत वन विभाग आणि ‘वाइल्डलाइफ कन्झर्वेशन अँड अ‍ॅनिमल वेल्फेअर असोसिएशन’ ही संस्था मिळून त्यांच्यावर उपचार करतात. सलाइन, प्रतिजैविके, मलमपट्टी, टाकीतील पाणी बदलणे हे काम कित्येकदा महिनोन्महिने चालते.

अनुदानाचे मार्ग कागदोपत्री आहेत. १९६२ साली स्थापन झालेले भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ मान्यताप्राप्त संस्थांना साहाय्य देते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कार्यास देण्याचे बंधन घातले. त्या कार्यांत प्राणिकल्याणही येते. परंतु अनुदानासाठी अंदाजपत्रक आधी द्यावे लागते आणि किती कासवे येतील, हे समुद्र आधी सांगत नाही. रुग्णवाहिकेला दाता सहज मिळतो (तिच्यावर नाव लिहिता येते!); औषधांच्या बिलाला तो शोधावा लागतो.

आपल्या समाजाची अडचण मात्र निराळी आहे आणि ती दबक्या आवाजातच बोलली जाते. ऑलिव्ह रिडले कासव मासे, खेकडे खाते. जीवदयेच्या पैशातून त्याचा आहार घ्यावा काय? दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्षी रुग्णालयाने आपल्यापुरता मार्ग काढला: शिकारी पक्ष्यांवर उपचार होतात, पण त्यांना दाखल करून घेतले जात नाही. कासवाला तसे परत धाडता येत नाही. जखम भरण्याआधी समुद्रात सोडणे म्हणजे मरणाच्या हाती देणे.

माझ्या मते वाट हिशेबातच आहे. दात्याने हेतू लेखी नमूद केला की विश्वस्तांना ती रक्कम त्याच कामी लावावी लागते. पावतीवर ‘केवळ औषध व शस्त्रक्रियेसाठी’ असे लिहून घ्यावे. आहाराचा भार इतर दाते उचलतील. ही पळवाट आहे, असे कुणी म्हणेल, आणि तो आक्षेप बिनबुडाचा नाही. तथापि शास्त्रात अनुकंपादान सुपात्रदानाहून वेगळे सांगितले आहे. तेथे घेणाऱ्याची पात्रता तपासली जात नाही, त्याचे दुःख पुरेसे असते.

संघांनी संस्थेची नोंदणी व लेखापरीक्षण अहवाल अवश्य पाहावेत. आणि भाद्रपदात जमलेल्या रकमेचा काही भाग पुढील आषाढासाठी राखून ठेवावा, कारण टाक्या भरू लागतात त्या आषाढातच.