लोंढा आणि चाकरमानी : महानगराची वाढ मोजताना

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "सर, तुमचं तत्त्वज्ञान ठीक आहे, पण बाहेरून येणारे हे लोंढे थांबल्याशिवाय मुंबईचं काही खरं नाही, एवढं तरी मान्य करा." हे गृहस्थ निवृत्त होईपर्यंत रोज बदलापूरहून लोकलने मुंबईला येत असत. तेव्हा त्यांचा राग काही पुस्तकी नव्हता. म्हणून आजचं व्याख्यान त्यांच्या प्रश्नावरच द्यायचं ठरवलं.

त्यांच्या वाक्यात दोन विधानं आहेत, हे आधी बघा. एक, माणसं वाढली आहेत. दोन, ही वाढ बाहेरच्यांमुळे झाली आहे. पहिलं विधान मोजता येतं. दुसऱ्यासाठी आधी 'बाहेरचा' म्हणजे कोण हे ठरवावं लागतं. आपण पहिल्याचा पुरावा देतो आणि दुसरं सिद्ध झालं असं समजतो. गडबड तिथे होते.

आधी मोजमाप. शहराची लोकसंख्या चार गोष्टींनी बदलते : जन्म, मृत्यू, आलेले आणि गेलेले. आपण बोलताना 'आलेले' तेवढे धरतो, बाकीचे तीन विसरतो. बृहन्मुंबईची लोकसंख्या १९६१ साली सुमारे ४१.५ लाख होती, १९७१ साली ती ५९.७ लाख झाली. दहा वर्षांत जवळजवळ ४४ टक्के वाढ. आता पुढे या. २००१ साली १ कोटी १९ लाख ७८ हजार आणि २०११ साली १ कोटी २४ लाख ४२ हजार. म्हणजे दहा वर्षांत चार टक्क्यांहून कमी वाढ. आणि त्यातही कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा जो मुंबई शहर जिल्हा, त्याची लोकसंख्या ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर आली. वाढली नाही, घटली!

मग गर्दी कुठे गेली? त्याच दहा वर्षांत तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. पालघर तेव्हा त्यातच होतं. ही २९ लाखांची भर सगळी मुंबईतून गेलेल्यांची नाही, हे उघड आहे. तिथे झालेले जन्म आहेत, राज्यातून आणि परराज्यांतून थेट येणारेही आहेत. पण मुंबईतून बाहेर पडलेली कुटुंबं त्यात मोठ्या संख्येने आहेत. १९८२ चा गिरणी संप आठवा. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, जमिनींवर टॉवर आले. दहा बाय बाराच्या खोलीत दोन भावांचे संसार मावेनात. एक भाऊ चाळीत राहिला, दुसरा डोंबिवली, विरार नाहीतर बदलापूरला गेला. नोकरी मात्र राहिली मुंबईतच.

मी त्या गृहस्थांना विचारलं, "आपण मूळचे कुठले?" म्हणाले, "परळचे. लग्नानंतर बदलापूरला घर घेतलं." आता गंमत पाहा. आपल्या जनगणनेत १९७१ पासून 'या आधी कुठे राहत होता' हा प्रश्न विचारतात. त्या हिशेबाने हे गृहस्थ बदलापूरचे स्थलांतरित आहेत. तिथल्या जुन्या आगरी किंवा कुणबी कुटुंबाच्या दारात उभं राहून पाहिलं, तर लोकलची गर्दी वाढवणारे 'बाहेरचे' तेच! (हशा) ते स्वतःही हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

'स्थलांतरित' या शब्दाची व्याख्या बदलली की माणसंही बदलतात. जुन्या जनगणनेत फक्त जन्मस्थळ धरत. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. माझे वडील लालबागला कामाला, पण माझा जन्म चिपळूणजवळ आजोळी झाला. तीन महिन्यांचा असताना आईने मला मुंबईला आणलं, तेव्हापासून मी इथेच आहे. तरी जन्मस्थळाच्या तक्त्यात मी बाहेरचाच. उलट, धारावीत जन्मलेलं मूल, ज्याचे आईवडील वर्षापूर्वी तिरुनेलवेलीहून आले, ते त्या तक्त्यात अस्सल मुंबईकर. आणि देशभर स्त्रियांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण कोणतं? लग्न. साताऱ्याची मुलगी लग्न होऊन भांडुपला आली की तीही स्थलांतरित. तिला कोणी 'लोंढा' म्हणतं का?

हा शब्द जरा तपासू या. लोंढा पाण्याचा असतो. त्याला चेहरा नसतो, घर नसतं, आणि तो नुकसानच करतो. आता शंभर वर्षं मागे जा. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतल्या दहांपैकी आठांहून अधिक माणसांचा जन्म शहराबाहेरचा होता. हजार पुरुषांमागे स्त्रिया साधारण सव्वापाचशे. म्हणजे हे शहर मुख्यतः गावाकडे घर ठेवून आलेल्या पुरुषांचं होतं. त्यात मोठा भरणा रत्नागिरीचा, मग सातारा आणि इतर घाटावरचा. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीप्रमाणे झोपायचं, खानावळीत जेवायचं, महिन्याला मनीऑर्डर करायची. गोव्याहून आलेले खलाशी गावाच्या 'कुडां'त राहत, त्यांचीही तीच कथा. या माणसांना आपण लोंढा म्हटलं नाही. त्यांच्यासाठी भाषेने शब्द घडवला 'चाकरमानी'. त्यात आपुलकी आहे, थोडी थट्टा आहे, आणि गणपतीला वाट पाहणं आहे.

क्रिया तीच : पोटासाठी गाव सोडणं. मग एकाला चाकरमानी आणि दुसऱ्याला लोंढा का म्हणतो? कारण पहिला आपला आहे. याचा अर्थ असा की 'बाहेरचा' हा मोजून सापडणारा गुण नाही. आपण कोणाविषयी जबाबदारी मानतो आणि कोणाविषयी नाही, याचा तो निर्णय आहे. निर्णय घ्यायला हरकत नाही, पण तो आकड्यांच्या मागे लपवू नये.

कोणी म्हणेल, शहराला मर्यादा असते की नाही? असते. पाणी मोजकंच आहे, रूळ मोजकेच आहेत. इथे राहणाऱ्याने इथली भाषा शिकावी, ही अपेक्षाही मला रास्त वाटते. पण मर्यादा आहे म्हणून कोणाला घालवायचं, हा वेगळा प्रश्न आहे. १९८१ साली भर पावसाळ्यात राज्य सरकारने फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवायचं ठरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल १९८५ साली लागला. न्यायालयाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. ही माणसं फुटपाथवर राहतात कारण काम तिथून जवळ आहे. त्याच निकालात हेही आहे की फुटपाथ राहण्यासाठी नाही, आणि रीतसर नोटीस देऊन अतिक्रमण हटवता येतं. तेव्हा प्रश्न अर्धाच सुटला. पण कामाची जागा आणि राहण्याची जागा यांतलं अंतर हे मूळ दुखणं आहे, हे त्या निकालातून दिसतं.

फुटपाथवरचा माणूस हे अंतर उघड्यावर झोपून मिटवतो. आमचे बदलापूरचे गृहस्थ तेच अंतर रोजचे तीन तास देऊन मिटवत होते. दोघांचा त्रास एकाच कारणाचा आहे, आणि दोघं एकमेकांना त्याचं कारण समजतात!

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. म्हणजे वसई-विरार, कल्याण, पनवेल इथलं पाणी, शाळा, दवाखाने यांचा विचार करताना कितीतरी वर्षं आपल्या हाताशी २०११ ची मोजणी होती. जो मोजला गेला नाही, त्याच्या वाटणीचं पाणीही हिशेबात येत नाही. मग नळ कोरडा पडला की आपण शेजारच्या चाळीत नवा कोण आला ते बघायला लागतो. त्याऐवजी तुमच्या नगरसेवकाला दोन प्रश्न विचारा. आपल्या वॉर्डात माणसं किती धरली आहेत? आणि इथे काम करणाऱ्याला परवडेल असं घर इथून किती लांब आहे?

ते गृहस्थ आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांचं समाधान झालं की नाही ते प्रश्नोत्तरांत कळेलच.