‘झोंबी’तील घरचा हिशेब

कोल्हापूर परिसरातील शिक्षकाने वा कारकुनाने आनंद यादव यांची ‘झोंबी’ वाचली आणि त्याचे डोळे ओलावले नाहीत, असे सहसा घडत नाही. अनेकांना त्या पानांत स्वतःचे, नाहीतर आपल्या वडिलांचे बालपण भेटते. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात्मक कादंबरीला पु. ल. देशपांडे यांची प्रस्तावना लाभली आणि १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. परंतु तिच्या वाचनाने मन का हेलावते, याचा विचार क्वचितच होतो. गरिबीचे दर्शन हे कारण म्हणावे, तर मराठी वाचकाला गरिबी नवी नाही.

कागलच्या शेतकरी घरातील मुलाला बाप पाचवीतून काढून मळ्यात जुंपतो. शिकलो तर नोकरी लागेल, चार पैसे हाती राहतील, हे त्या पोराला उमगलेले असते. मायलेकरे दत्ताजीराव देसायांकडे गाऱ्हाणे नेतात. त्यांच्या दटावणीने बाप नमतो, पण अटी घालतो. सकाळी अकरापर्यंत मळ्यात राबायचे, तेथूनच परस्पर शाळेत जायचे, शाळा सुटल्यावर तासभर गुरे राखायची आणि कामाची घाई असेल त्या दिवशी शाळा बुडवायची.

बापाला व्यवहार कळत नव्हता, असे नाही. ऊस अधिक दिवस उभा ठेवला तर रस घट्ट होऊन गूळ जास्त उतरतो, हे इतर शेतकरी जाणत. सगळ्यांची गुऱ्हाळे सुरू झाली की भाव पडतो, हे जाणून बाप आपले गुऱ्हाळ सर्वांच्या आधी उरकी. अर्थशास्त्राच्या पुस्तकाने त्याला शहाणा उत्पादकच म्हटले असते. मुलगा शाळेत गेला तर कामाचे दोन हात जातात, हा हिशेबही त्याच पुस्तकात बसतो. मात्र त्या पुस्तकात कुटुंब हा एकच घटक मानलेला असतो. ‘झोंबी’ त्या घटकाचे दार उघडून दाखवते. पोराने मळ्यात राबावे, म्हणजे बापाला गावात मोकळे हिंडता यावे, असा आतला प्रकार आहे. गरिबी साऱ्या घराची होती. कष्ट आणि उसंत यांची वाटणी मात्र सारखी नव्हती. वाचकाला चटका बसतो तो येथे.

याच कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आलेल्या शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला होता. यादवांचा जन्म १९३५चा. शिक्षणहक्काचा कायदा २०१० साली अमलात आला. तरीही गळिताच्या हंगामात ऊसतोडणीच्या टोळ्यांबरोबर शाळेच्या वयाची मुले फडावर येतात आणि धाकटी भावंडे सांभाळत बसतात. कायदा शाळेचे दार उघडतो; घरातील वाटणीपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही.

तेथे माणूसच लागतो. कागलच्या त्या पोराला बापाशी बोलणारे देसाई मिळाले, कवितेची गोडी लावणारे सौंदलगेकर मास्तर मिळाले. गुरे राखताना म्हशीच्या पाठीवर काठीने ओळी लिहिणारा तो मुलगा पुढे पुणे विद्यापीठात मराठी विभागाचा प्रमुख झाला. ‘झोंबी’ वाचून गहिवरलेल्या शिक्षकाने दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर गैरहजेरीची खूण करताना, त्या मुलाचे आजचे तास कोणाच्या कामी गेले, एवढे विचारले तरी वाचन सार्थकी लागले म्हणावयाचे.