घरी शिकणारे मूल आणि घरी राहिलेले मूल



अलीकडे शाळाभेटीच्या वेळी एक प्रश्न वारंवार पुढे येतो. "साहेब, आमच्या गावातील एक पालक म्हणतात की मुलास शाळेत पाठविणार नाही, घरीच शिकवू. त्यांना काय उत्तर द्यावे?" पूर्वी हा प्रश्न शहरापुरता होता. आता नोकरी सोडून शेती करण्यासाठी खेड्यात येऊन राहिलेली सुशिक्षित कुटुंबे काही गावांत दिसतात, आणि मोबाइलवरील पाठ वस्तीवस्तीवर पोहोचले आहेत. यास्तव सार्वजनिक शाळा व गृहशिक्षण यांविषयीचा वाद काय आहे, कायदा काय सांगतो व अशा प्रसंगी शिक्षकाने कसे वागावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

गृहशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे

प्रथम दुसऱ्या पक्षाचे म्हणणे नीट ऐकून घेणे इष्ट होय. अमेरिकेतील जॉन होल्ट हे स्वतः वर्गशिक्षक होते. वर्गातील मुले विषय समजून घेण्याऐवजी शिक्षकास हवे असलेले उत्तर ओळखण्यात आपली शक्ती खर्च करतात, आणि याच्या मुळाशी चुकण्याचे भय असते, असे त्यांनी १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले. प्रारंभी शाळा सुधाराव्यात असे त्यांचे मत होते. पुढे तो विश्वास उडाला, आणि १९७७ पासून त्यांनी मुलांना शाळेविना वाढविणाऱ्या पालकांसाठी एक पत्रिका चालविली. इंग्लंडच्या १९४४ च्या शिक्षण कायद्याने मुलास शाळेत पाठवून किंवा अन्य मार्गाने शिक्षण देण्याचे कर्तव्य पालकावर ठेवले, व त्या 'अन्य मार्गाने' गृहशिक्षणास वाट मिळाली. जर्मनीत याउलट शाळेत जाणेच सक्तीचे आहे. पुढारलेल्या देशांतही या प्रश्नावर एकमत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

मूल आपल्या गतीने शिकते, त्याला भय वाटत नाही, कामातून ज्ञान मिळते, हे गृहशिक्षणाचे गुण म्हणून सांगितले जातात. यांत तथ्य नाही असे आपण प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळावयाचे, त्यात माहिती व पत्रके भरावयाची, अशा स्थितीत प्रत्येक मुलाकडे लक्ष देणे किती कठीण आहे, हे आपणच जाणतो.

घरचे शिक्षण आपल्याकडे नवे नाही

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने ते रमाबाईंना दिले. शाळेची पायरी न चढता एवढी विद्वत्ता त्यांना घरातून मिळाली. परंतु त्या घरात काय होते ते पाहा. तेथे विद्वान पिता होता, शिकलेली आई होती, आणि मुलीला शिकविण्याची जिद्द होती. त्या काळी अशी घरे किती होती?

महात्मा गांधींनीही डर्बन येथे १८९७ पासून आपल्या मुलांना घरी शिकविण्याचा प्रयत्न केला. युरोपियनांच्या शाळेत त्यांच्या मुलांना मेहेरबानी म्हणून प्रवेश मिळू शकला असता. परंतु जे इतर हिंदी मुलांना मिळत नाही ते आपल्या मुलांसाठी घेणे त्यांना पटेना. तथापि मुलांना द्यावयास हवा होता तेवढा वेळ आपण देऊ शकलो नाही, हे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने मान्य केले आहे. विद्या व इच्छा असूनही वेळ नसेल, तर घरचे शिक्षण अपुरे राहते.

ज्या घरात अक्षरही नाही आणि सवडही नाही, त्या घरच्या मुलाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच सार्वजनिक शाळा. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना, निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी जोतीरावांनी केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक विधिमंडळात नामंजूर झाले. परंतु राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल कोणत्या घरी जन्मले यावर त्याचे शिकणे अवलंबून राहू नये, हा या सर्व खटपटीमागील हेतू होता.

घराची परीक्षा

घर एकटे काय करू शकते याची परीक्षा आपण नुकतीच पाहिली. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, आणि राज्याच्या ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले. त्या काळात प्रत्येक घर नाइलाजाने शाळा झाले होते. वर्ग पुन्हा भरले तेव्हा कोणती मुले सफाईने वाचत होती आणि कोणती मुळाक्षरांवर अडखळत होती, हे आपण प्रत्यक्ष पाहिले आहे. ज्या घरात कोणी शेजारी बसून शिकविणारे होते तेथील मुले पुढे गेली. ज्या घरात एकच मोबाइल होता व तो वडिलांबरोबर कामावर जात होता, तेथील मुले मागे पडली. त्यांची बुद्धी कमी नव्हती. घरात शिकविणारे कोणी नव्हते.

कायदा काय सांगतो?

मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास नजीकच्या शाळेत शिकण्याचा हक्क त्याने दिला. कलम १० अन्वये मुलास शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. गृहशिक्षणास या अधिनियमात स्वतंत्र मान्यता नाही; तद्वतच पालकास दंडाची तरतूदही त्यात नाही. अर्थात शिक्षकाने धाक घालावा असा कायद्याचा हेतू नसून त्याने समजूत घालावी हे अभिप्रेत आहे. घरी शिकलेले मूल पुढे शाळेत येऊ इच्छील, तर कलम ४ प्रमाणे त्यास वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावयाचा असतो. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दहावीसाठी सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसण्याची सोय आहे, आणि मुक्त विद्यालयाच्या परीक्षाही उपलब्ध आहेत, हेही पालकांना सांगावे.

दोन मुले

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. हजेरीपटावर दोन्ही मुले सारखीच गैरहजर दिसतात. परंतु घरी शिकणारे मूल वेगळे आणि घरी राहिलेले मूल वेगळे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका द्विशिक्षकी शाळेत असताना चौथीतील एक मुलगी दिवाळीनंतर येईनाशी झाली. मी घरी गेलो. आई म्हणाली, "गुरुजी, ती घरी वाचते. धाकट्याला सांभाळते अन् वाचते." मी समाधानाने परतलो, आणि तपासणीच्या वेळीही तेच सांगितले. परीक्षेस ती आली तेव्हा दिवाळीपूर्वी घडाघडा वाचलेला उतारा तिला वाचता येईना. पुस्तक कोनाड्यात होते, पण हाती घ्यावयास वेळ नव्हता, असे तिने खालच्या आवाजात सांगितले. पुढील वर्षी ती आलीच नाही. पटावरून तिचे नाव कमी करताना कारणाच्या रकान्यात मी 'सतत गैरहजर' असे लिहिले. त्यात माझी हयगय किती होती, ते मी लिहिले नाही. ती गोष्ट आजही मला बोचते.

दुसरे उदाहरण अलीकडचे. शेती करण्यास आलेले एक जोडपे आपल्या मुलास घरी शिकवीत होते, म्हणून तेथील गुरुजी नाराज होते. आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. मुलगा दहा वर्षांचा. दर सोमवारी विहिरीच्या पाण्याची खोली मोजून त्याने वहीत नोंदविली होती व तिचा आलेखही काढला होता. वाचन उत्तम होते. भागाकार कच्चा होता. आई रोज सकाळी नेमाने शिकवीत असे. आम्ही वाद घातला नाही. कायदा सांगितला, आणि शनिवारी मुलास शाळेत खेळावयास पाठवा, एवढेच सुचविले. त्याची वही पाहून आमच्या मुलांनीही शाळेजवळची विहीर मोजावयास घेतली. जून महिन्यात तो मुलगा आपण होऊन म्हणाला, "मला या मुलांबरोबर शिकायचे आहे." आज तो पटावर आहे.

शिक्षकाने काय करावे?

१. घरभेटीत तीन गोष्टी विचाराव्यात. मुलास कोण शिकविते? केव्हा शिकविते? काय शिकले ते वहीत अथवा वाचनात दिसते काय? तिन्हींची उत्तरे मिळाली तर मूल घरी शिकत आहे. एकाचेही न मिळाले तर ते केवळ घरी राहिले आहे.

२. 'घरी अभ्यास करते' हे उत्तर मुलाकडून चार ओळी वाचून घेतल्याशिवाय मान्य करू नये. मुलींच्या बाबतीत ही दक्षता विशेष घ्यावी.

३. एक महिन्याहून अधिक काळ सतत गैरहजर असणारे मूल शाळाबाह्य समजावे व केंद्रप्रमुखांस कळवावे. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची यादी दिवाळीपूर्वीच करून हंगामी वसतिगृह, शिक्षण हमी कार्ड यांची माहिती पालकांस द्यावी.

४. घरी शिकविणाऱ्या पालकांशी वैर धरू नये. त्यांना शाळेच्या कार्यक्रमांस बोलवावे, त्यांच्या मुलास ग्रंथपेटी व मैदान मोकळे ठेवावे. त्यांच्याकडून आपणही काही शिकावे.

घरी शिकविणारे पालक आपल्या शाळेतील उणिवा दाखवितात. त्याबद्दल राग मानण्याचे कारण नाही. परंतु अशी घरे गावात एक-दोन असतात. उरलेल्या घरांतील मुलांना शिकविण्यासाठी गावात आपल्याशिवाय दुसरे कोणी नाही. उद्या सकाळी हजेरी घेताना जे नाव उच्चारल्यावर उत्तर येणार नाही, त्या मुलाच्या घरी शाळा सुटल्यावर जरूर जावे, ही विनंती.