कासवाचा लळा: समज काय, खरं काय

मत्स्यपेट्यांच्या दुकानात हमखास दिसणारं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं पिल्लू म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. (आपलं तारांकित कासव घरात पाळणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्याला माणसाळवायचा प्रश्नच येत नाही.) या पिल्लाला लळा लागावा म्हणून घरोघरी जे उपाय चालतात, त्यांतले बरेचसे त्याची भीती वाढवणारेच असतात.

सगळ्यांत घट्ट समजूत ही, की रोज हातात घेतलं की ते सरावतं. मांजराचं पिल्लू सरावेलही. पण कासवाला निसर्गात वर उचलतो तो खाणाराच. पाय अधांतरी झाले की ते धडपडतं, नख्या मारतं, कधी मुततंही. आणि डोकं आत ओढून गप्प झालं की आपण म्हणतो, 'बघा, कसं शांत बसलंय!' आत जाताना येणारा फुसकाराही रागाचा नसतो, फुप्फुसातली हवा बाहेर पडते इतकंच.

उचलण्यापेक्षा पेटीशेजारी बसणं बरं. रोज ठरल्या वेळी, फार हालचाल न करता. हात वरून झडप घातल्यासारखा नको, समोरून आणि सावकाश यावा. खाणं चिमट्याने पाण्यातच द्यावं, कारण हे कासव पाण्याबाहेर घास नीट गिळू शकत नाही. दगडावर ऊन खात पडलेलं कासव तुम्ही जवळ गेल्यावरही पाण्यात उडी टाकत नाही, तेव्हा समजायचं की गाडी रुळावर आली. याला आठवडे लागतात, महिनेही लागतात.

मग आपल्याला बघून काचेवर धडका देतं, ते प्रेम नव्हे का? माणूस आला की खाणं येतं, हे त्याने हेरलेलं असतं. माझ्या मते हेही काही कमी नाही. व्हिएन्नाच्या प्राणिसंग्रहालयातल्या महाकाय कासवांना रंगीत खुणेला तोंड लावायला शिकवलं होतं. त्यांतल्या काहींना तो धडा ९ वर्षांनीही आठवत होता. तेव्हा 'विसरेल हो ते' म्हणत पोरांना कासव उताणं करू देऊ नये.

कवचाला काही जाणवत नाही, हेही खोटं. ते फासळ्या आणि कण्याच्या हाडांचंच बनलेलं असतं, त्याला स्पर्श कळतो. त्यावर रंग चढवणं बंद व्हावं.

पप्पी मात्र कितीही माणसाळलं तरी घेऊ नये. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला असू शकतो. मुलांना होणाऱ्या याच आजारामुळे अमेरिकेत १९७५ पासून ४ इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. हात लावला की साबणाने धुवायचे.

नाण्याएवढं आणलेलं पिल्लू फूटभरापर्यंत वाढू शकतं आणि नीट सांभाळलं तर २०-३० वर्षं सहज जगतं. जड झालं म्हणून देवळाच्या तळ्यात सोडलं, तर तिथल्या देशी कासवांच्या खाण्यावर आणि उन्हाच्या जागांवर हे परकं कासव हक्क सांगतं.